साठ टक्के बर्फ

हिलालराव सोनवण्यांच्या आयुष्यात बर्फ आला तो आभाळातून नाही, जळगावच्या एका छापखान्यातून. पत्रकावर एक गोरा माणूस पायांना लांब पट्ट्या बांधून पांढऱ्याशुभ्र उतारावरून सुसाट खाली येत होता आणि त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत छापलं होतं, ‘पाइप विका, बर्फावर घसरा’. हे वाक्य निर्मलकुमार शेठनी स्वतः रचलं होतं, त्यामुळे ते बदलण्याचा प्रश्नच नव्हता. पत्रकं खानदेशभर वाटून झाली. डीलर मंडळींनी त्या वर्षी जिवाचं रान करून पाइप विकले. आणि गणपती उठल्यावर केव्हातरी कंपनीत सगळ्यांच्या लक्षात आलं, की बर्फ नेमका कुठे असतो आणि कधी असतो, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

निर्मलकुमार शेठ त्या पाइप कंपनीचे मालक. हिलालराव तिथे विक्री विभागात, म्हणजे डीलरांच्या तक्रारी ऐकून घेण्याच्या खुर्चीवर. कंपनीतला सगळ्यात सावध माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. एसटी कुठे जाते हे ते चौकशीच्या खिडकीवर विचारत, मग कंडक्टरला विचारत, आणि दोघांचं जुळलं तरी पाटी वाचल्याशिवाय पाय वर ठेवत नसत. शेठनी बोलावलं ते याच गुणामुळे.

“सोनवणे, बर्फाचं तुम्ही बघा.”

“बघायचं म्हणजे काय करायचं शेठ?”

“डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रियात बर्फ असेल की नाही, ते मला लेखी द्या. मुंबईचा एजंट बोलतो, सीझनची सुरुवात आहे, रेट हलका बसेल. पण सुरुवातीला बर्फ असतो का असं विचारलं की तो हॉटेलच्या गालिच्यांचं सांगत बसतो.”

“मग जानेवारीत नेऊ. जानेवारीत नक्की असेल.”

शेठनी त्यांच्याकडे कनवाळूपणे पाहिलं. जानेवारीपासून पाइपांचा सीझन, तेव्हा कुठला डीलर दुकान सोडणार? नाताळात तिकडचे दर गगनाला. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आधी, चातुर्मास संपल्याशिवाय, धुळ्याचे अभयकुमार गावाबाहेर पाऊल टाकणार नाहीत. अभयकुमार म्हणजे कंपनीचा धुळे जिल्हा. शिरपूरपासून साक्रीपर्यंत जो पाइप जमिनीत जाई तो त्यांच्या दुकानातून जाई, आणि हल्ली दुसऱ्या एका कंपनीचा माणूस त्यांच्या दुकानी वारंवार चहा पिताना दिसत होता. ही सहल खरं तर अभयकुमारांसाठीच होती. बाकीचे डीलर पंगतीला.

“त्यांना बर्फ दिसला पाहिजे,” शेठ म्हणाले. “नाही दिसला, तर धुळे गेलं समजा.”

अशा रीतीने, ज्यांनी जन्मात महाबळेश्वरदेखील पाहिलं नव्हतं त्या हिलालरावांच्या खांद्यावर आल्प्स पर्वत येऊन बसला.

सुरुवात त्यांनी शास्त्रापासून केली. कॉलेजात भूगोल शिकवणारे प्राध्यापक वना बाविस्कर त्यांच्या ओळखीचे होते. बाविस्कर सरांनी फळ्यावर युरोप काढला, त्यावरून समतापरेषा फिरवल्या, अटलांटिकवरून येणारे वारे बाणांनी दाखवले, आणि खडू खाली ठेवून सांगितलं की अमुक वारे तमुक उंचीवर पोचले तर बर्फ पडेल, न पोचले तर पडणार नाही.

“म्हणजे पडेल का सर?”

“ते वाऱ्यावर आहे.”

“वाऱ्याचं कोणाला विचारायचं?”

“ते मात्र अभ्यासक्रमात नाही,” सर म्हणाले, आणि हात झटकले.

शास्त्राने हात टेकल्यावर हिलालराव व्यवहाराकडे वळले. गावात बर्फाशी रोजचा संबंध असलेला एकच माणूस, बर्फाच्या कारखान्याचे सुपडू शेठ. त्यांनी हिलालरावांना आत नेलं, लाकडाच्या भुशात झाकलेल्या लाद्या दाखवल्या, एका लादीवर टोचा मारून तिचा आवाज ऐकवला आणि चांगल्या लादीत बुडबुडा नसतो हे पटवून दिलं. उतारावरून माणसं बर्फावर घसरतात हे ऐकल्यावर ते विचारात पडले. “लादीवर घसरतात? मग खाली पोतं अंथरत असतील,” ते म्हणाले. निघताना त्यांनी हिलालरावांच्या पिशवीत बर्फाचा एक खडा घातला, नमुना म्हणून. नेहरू चौक यायच्या आत पिशवीतल्या सगळ्या कागदांचा लगदा झाला. त्यांत बाविस्कर सरांकडून उतरवून घेतलेले वारेही वाहून गेले.

शेजारी झुलाल नाना राहत. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, मूळचे अमळनेरकडचे, आणि सल्ला मागायची वाट न पाहणारे. संध्याकाळी कंपाउंडवर कोपर टेकवून त्यांनी चौकशी केली.

“हिलालभाऊ, तठे बठ्ठं बरफच शे का?”

“सगळीकडे बर्फच आहे का, तेच तर शोधतोय नाना.”

“आनि नही पडना तं?”

“नाही पडला तर माझी नोकरी.”

नानांनी कंपाउंडवरचं कोपर बदललं. मग म्हणाले, “तू मीठ लई जाय.” मीठ कशासाठी न्यायचं, हे हिलालरावांनी विचारलं नाही आणि नानांनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कॉलनीत सर्वांना ठाऊक झालं की सोनवण्यांची नोकरी बर्फावर आहे. पानवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत माणसं थांबवून विचारू लागली. गिरणीवाला म्हणाला, त्याचा मेहुणा काश्मीरला ट्रक घेऊन गेला होता, तिकडे बर्फ असतो, तिकडेच का नेत नाही? कामवाल्या बेबाबाईंनी सुनंदाबाईंना, म्हणजे हिलालरावांच्या पत्नीला, अगदी हलक्या आवाजात विचारलं की साहेबांनी नोकरी सोडून गोळ्याची गाडी टाकली का. सुनंदाबाईंनी हे जेवताना सांगितलं आणि वर भाजी वाढली. वीस वर्षं पाइपांत घालवूनही त्यांना कोणी पाइपवाला म्हणालं नव्हतं. दोन महिन्यांत ते बर्फवाले झाले.

शेवटी त्यांनी थेट मुळाशी जायचं ठरवलं आणि एजंटने सुचवलेल्या गावच्या हॉटेलला इंग्रजीत फॅक्स केला: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे बर्फ असतो काय, कृपया निश्चित कळवावे. उत्तर यायला बरेच दिवस लागले, कारण कंपनीच्या फॅक्समध्ये कागद अडकला होता आणि तो काढायचा कोणी यावर दोन विभागांचं एकमत होत नव्हतं. आलं ते एका ओळीचं. स्नो इज नॉर्मली पॉसिबल.

ही ओळ हिलालरावांनी ऑफिसात वाचली, घरी वाचली, रात्री अंथरुणात मनातल्या मनात वाचली. ‘पॉसिबल’ म्हणजे शक्य. ठीक आहे, शक्य तर जळगावातही आहे. पण ‘नॉर्मली’ कशाला जोडलंय? एरवी शक्य असतं, यंदा नाही? की एरवी नक्की असतं आणि यंदा नुसतंच शक्य? त्यांनी दुसरा फॅक्स पाठवला. त्याला उत्तर आलं की आपल्या चौकशीबद्दल आभारी आहोत, सोबत हॉटेलचा दर पाठवत आहोत.

एजंटकडून मात्र एक उपयोगी माहिती निघाली. गावं दोन होती. एक वरचं गाव, डोंगराच्या पार माथ्याजवळ, जिथे एजंटच्या म्हणण्याप्रमाणे बर्फ हटता हटत नाही. दुसरं खालचं गाव, दरीत, जिथला बर्फ नॉर्मली पॉसिबल. हिलालरावांना हायसं वाटलं. यात विचार करण्यासारखं काय होतं? वरचं गाव. त्यांनी तसा अहवाल लिहायलाही घेतला. पण शेठ म्हणाले, डीलरांना विचारून घ्या, नंतर कोणी बोलायला नको.

डीलरांची बैठक कंपनीच्या गेस्टहाउसवर भरली. हिलालरावांनी उंची, तापमान, जोखीम हे सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अभयकुमारांनी शांतपणे विचारलं, “सोनवणेजी, जेवणाचं काय?”

जेवणाचं असं होतं, की वरच्या गावातलं हॉटेल आपल्या स्वयंपाकघरात परक्या माणसाला उभं करत नव्हतं. खालच्या गावातलं हॉटेल करत होतं. म्हणजे खाली आपला स्वयंपाकी महाराज, आपली कढई, वरण, पोळी, आणि जैन मंडळींसाठी कांदा-लसूण-बटाटा काहीही नसलेला वेगळा स्वयंपाक. वर बर्फ आणि पाव.

सावद्याचे भिकन आबा सगळ्यात वयस्क डीलर, केळीच्या बागाही होत्या त्यांच्या. त्यांनी घसा साफ केला.

“सोनवने, मले एक सांग. बर्फ पाह्याले किती येळ लागतो?”

“म्हणजे?”

“पाह्यला, झालं. पन जेवन तं रोज दोनदा लागतं ना भो. आनि घसराचंच असंल तं आमच्या सावद्याले केळीची सालं काय कमी हायेत?”

मतदान घेण्याची वेळच आली नाही. खालचं गाव एकमताने ठरलं, आणि बर्फाची जोखीम होती तशी हिलालरावांकडे परत आली.

अहवालात त्यांनी बर्फाची शक्यता साठ टक्के लिहिली. हा आकडा त्यांनी कुठून आणला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पन्नास म्हणजे काहीच न सांगणं झालं असतं, आणि सत्तर लिहायला हात धजावला नाही. शेठनी अहवाल दोनदा वाचला.

“साठ टक्के म्हणजे कसं? दहातल्या सहा डीलरांना बर्फ मिळेल, चौघांना नाही?”

“तसं नाही शेठ. मिळाला तर सगळ्यांना मिळेल.”

“आणि नाही मिळाला तर?”

“कोणालाच नाही.”

“मग साठ कुठे आलं यात?” शेठनी विचारलं. हिलालरावांनी अहवाल आपल्याकडे ओढून आकडा पुन्हा वाचला. “असं करा,” शेठ म्हणाले, “तुम्ही सोबत जा. तुम्हाला इंग्रजी येतं. आणि बर्फ नसला, तर त्यांना समजावून सांगायला तिथे कोणीतरी पाहिजे.”

पासपोर्टच्या चौकशीसाठी हवालदार घरी आला. त्याने परदेशी जाण्याचं कारण विचारलं. हिलालरावांनी सहल म्हणून सांगितलं, पण तो आधी झुलाल नानांकडे जाऊन आला होता. “शेजारी तर म्हणतात नोकरीचं काही खरं नाही म्हणून निघालेत,” तो म्हणाला, आणि कुठे काही भानगड नाही ना, म्हणून आणखी दोन घरं विचारून गेला. कॉलनीला तेवढंच निमित्त पुरलं. मुंबईच्या व्हिसा ऑफिसात भिकन आबांना गोऱ्या बाईंनी जाण्याचं प्रयोजन विचारलं. आबांनी हिलालरावांकडून ‘स्कीइंग’ हा शब्द पाठ करून घेतला होता, पण ऐन वेळी तो सुटला. त्यांनी उठून, दोन्ही हात पुढे करून, गुडघे वाकवून प्रत्यक्षच करून दाखवलं. बाईंनी त्यांची तब्येत बरी आहे का, याचं डॉक्टरी प्रमाणपत्र मागितलं. ते आणायला पुन्हा जळगाव.

इतकं सगळं होऊन एकदाची मंडळी ऑस्ट्रियात पोचली.

बस वळणं घेत खालच्या गावात शिरली तेव्हा दुपार होती. दहाही डीलर कानटोप्या, दोन-दोन स्वेटर आणि लोकरीचे हातमोजे घालून सज्ज बसले होते. हिलालराव पुढच्या सीटवर, डोळे घट्ट मिटून. बस थांबली. मागून भिकन आबांचा आवाज आला.

“सोनवने, आठी तं गवत हाये.”

हिलालरावांनी डोळे उघडले. समोर डोंगर होता, पार खालपासून वरपर्यंत हिरवागार. त्यावर गायी चरत होत्या. गळ्यात घंटा बांधलेल्या, धष्टपुष्ट, कोणाचं काही देणं न लागणाऱ्या गायी. ऊन छान पडलं होतं. हॉटेलच्या ओट्यावर एक म्हातारा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात पेपर वाचत होता. आपल्या लोकांनी एकेक स्वेटर काढायला सुरुवात केली आणि ते सगळे हिलालरावांच्या हातात येऊ लागले.

“यंदा जरा उशीर झालाय,” हॉटेलचा मालक इंग्रजीत म्हणाला. “एरवी असतो.”

एरवी. हिलालरावांना ‘नॉर्मली’चा अर्थ अखेर लागला.

पुढचे दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत. रोज सकाळी ते सर्वांच्या आधी उठून खिडकीचा पडदा बाजूला करत आणि रोज सकाळी गायी त्यांच्याकडे बघत. डीलर मंडळी तशी मजेत होती. महाराजाच्या हातचं जेवण, वर आंघोळीला गरम पाणी. भिकन आबा रोज डोंगरावर जाऊन माती चोळून पाहत आणि इथे केळी येईल की नाही यावर बाकीच्यांशी वाद घालत. कोणी हिलालरावांना वाकडा शब्द बोललं नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. अभयकुमार तर जास्तच सौजन्याने वागत. “असू द्या सोनवणेजी, हवामान आपल्या हातात थोडंच आहे?” असं म्हणत आणि ताटातला पापड त्यांच्या ताटात ठेवत. ज्या माणसाचं दुकान आपण सोडणार आहोत त्याच्या नोकराशी माणूस असाच वागतो, असं हिलालरावांना वाटे.

उताराच्या पायथ्याशी एका कोपऱ्यात यंत्रं उभी होती, तोफांसारखी. हॉटेलवाला म्हणाला, थंडी पुरेशी पडली की ही यंत्रं पाण्याचे फवारे मारून बर्फ बनवतात. हिलालरावांनी त्या यंत्रांवर आशा ठेवली. दिवसातून तीनदा ते तिथे जाऊन उभे राहत. यंत्राचा माणूस भिंतीवरच्या तापमापकाकडे बघून नकारार्थी मान हलवी आणि हेही मान हलवत. दोघांची तेवढ्यावर मैत्री झाली.

जायच्या आदल्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी पडली. यंत्रं घरघरली. हिलालराव धावत हॉटेलात आले, एकेका खोलीचं दार ठोठावलं, सर्वांना उठवून, स्वेटर चढवायला लावून पायथ्याशी घेऊन गेले. तोफांच्या तोंडांतून पांढरे ढग उसळत होते आणि गवतावर खरोखर पांढरा पट्टा साठत होता. फार मोठा नव्हता, जळगावच्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या मांडवाएवढा असेल. पण बर्फ होता. हिलालरावांचे डोळे भरून आले.

“बघा,” ते म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं तर मागे कोणी नव्हतं. दहाही डीलर यंत्राभोवती गोळा झाले होते. भिकन आबा पाण्याच्या पाइपाशी उकिडवे बसून त्याचा घेर वितीने मोजत होते. दोघं जोडावर वाकले होते. अभयकुमार हातमोजे काढून फवाऱ्याच्या तोंडावर बोट फिरवत होते, सराफ सोनं पाहतो तसे.

“सोनवणेजी, यांना विचारा, प्रेशर किती आहे?”

हिलालरावांनी विचारलं.

“आणि विचारा, हे यंत्र उन्हाळ्यात काय करतं?”

हेही त्यांनी विचारलं. यंत्रवाल्याने सांगितलं की याच कारखान्याची दुसरी यंत्रं आहेत, शेतात पाणी फवारणारी, पाइपांसकट. कारखान्याचा विक्री अधिकारी शेजारच्याच शहरात असतो, हवं तर उद्या सकाळी बोलावून घेतो.

“घ्या म्हणावं,” अभयकुमार म्हणाले. हिलालरावांच्या बर्फाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. दुपारपर्यंत ऊन आलं आणि पट्टा वितळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या तयारीत, हॉटेलच्या जेवणघरात बैठक बसली. एका बाजूला सुटाबुटातला विक्री अधिकारी, दुसऱ्या बाजूला अभयकुमार, मागे बाकीचे. मध्ये हिलालराव, कारण इंग्रजी दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. त्यांची खुर्ची मोठ्या काचेच्या खिडकीकडे तोंड करून होती.

अभयकुमारांना धुळे जिल्ह्यासाठी त्या यंत्रांची आणि पाइपांची एजन्सी हवी होती. पाइपांची, म्हणजे निर्मलकुमार शेठचे पाइप बंद. हिलालरावांना हे पहिल्या वाक्यातच कळलं. त्यांच्या मनात आलं की आपण नुसतं म्हणावं, हे लोक परदेशी माल पाठवत नाहीत. कोणाला कळणार होतं? एक वाक्य, आणि धुळे राहिलं. त्यांनी तोंड उघडलं.

“ते म्हणतात...”

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. विक्री अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर शाळकरी मुलाचा विश्वास होता.

“ते म्हणतात, माल पाठवतील. आपल्याकडच्या पाण्यात क्षार जास्त असतात हे त्यांना आधी सांगायला हवं, नाहीतर फवाऱ्यांची तोंडं चोंदतील. मी सांगू का?”

“सांगा सांगा,” अभयकुमार म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं, व्यवस्थित, सगळ्या बारकाव्यांसकट. आयुष्यभर लोकांचं ऐकून घेऊन नीट पोचवण्याचीच त्यांना सवय होती, ती अशा वेळी मोडायची कशी हे कोणी शिकवलं नव्हतं. बोलता बोलता त्यांची नजर वर गेली.

खिडकीबाहेर बर्फ पडत होता. यंत्राचा नाही, आभाळातला. मोठमोठे पुंजके, अजिबात घाई नसलेले, सावकाश उतरत होते. गायी दिसत नव्हत्या. डोंगर दिसत नव्हता.

“बाहेर बर्फ पडतोय,” हिलालराव म्हणाले.

अभयकुमारांनी मान वळवून क्षणभर पाहिलं. “पडतोय खरा. सोनवणेजी, ते तीन इंची जोडाचं तेवढं विचारून घ्या.”

जोडाचं विचारलं. मग वॉशरचं, मग मोडतोडीचं, मग बंदरातून माल उतरवून घेण्याचं. प्रत्येक उत्तराला दुसरा प्रश्न फुटत होता आणि खिडकीच्या चौकटीत पांढरी कड वर चढत होती. हिलालराव एकदा अर्धवट उठले, तेव्हा विक्री अधिकाऱ्याने अदबीने त्यांच्यासाठी कॉफी मागवली. हस्तांदोलनं होईतो बस दाराशी येऊन हॉर्न देऊ लागली. ड्रायव्हर म्हणत होता, घाट बंद व्हायच्या आत निघालं पाहिजे.

कंपनीचं कापडी बॅनर धरून फोटो काढायचा शेठचा सक्त हुकूम होता. दहाही डीलर बॅनरमागे घोटाभर बर्फात हसत उभे राहिले. फोटो कोणीतरी काढायला हवा होता, तो हिलालरावांनी काढला, हॉटेलच्या छपराखालून, कॅमेरा ओला होऊ नये म्हणून. मग सामान मोजलं, माणसं मोजली, महाराजाची कढई वर चढवली, आणि सगळ्यांत शेवटी, ड्रायव्हर ओरडत असताना, छपरापासून बसच्या पायरीपर्यंतचं अंतर पळत कापलं.

जळगावला फोटो फारच सुरेख आला. शेठनी तो मोठा करून केबिनमध्ये लावला. त्याच्याखाली बसून, चारच दिवसांनी, त्यांनी धुळ्याहून आलेला निरोप ऐकला.

“हे सगळं तिथेच ठरलं?” त्यांनी हिलालरावांना विचारलं.

“हो शेठ.”

“तुम्ही कुठे होतात?”

“तिथेच. दुभाषी मीच होतो.”

शेठनी मान वर करून फोटोकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. “बर्फ मात्र मिळाला,” ते म्हणाले.

“मिळाला.”

“म्हणजे अहवाल बरोबर निघाला तुमचा.” मग त्यांनी समोरचे कागद सारखे केले. “धुळ्याला आपला स्वतःचा डेपो टाकावा लागेल आता. अभयकुमारांच्या समोरच जागा बघितली आहे. तिथे माणूस सावधच पाहिजे. तुम्ही जा.”

निघायच्या संध्याकाळी कॉलनीने चहा-चिवड्याचा निरोप समारंभ केला. झुलाल नानांनी फर्माईश केली की आता बर्फाचं सांगा. हिलालरावांनी प्रामाणिकपणे सांगायला घेतलं. क्षार, तीन इंची जोड, खिडकी. मंडळी चुळबुळू लागली.

“पन हातमा लिधा का नही बरफ?” नानांनी विचारलं.

“नाही नाना. हातात घ्यायला वेळच मिळाला नाही.”

नानांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. “मंग गयथा कसाले?”

मग गेलो कशाला, या प्रश्नावर हिलालराव धुळ्याला जाईपर्यंत विचार करत होते. टेम्पोच्या मागच्या बाजूला सामान, पुढे ड्रायव्हरशेजारी ते आणि सुनंदाबाई, मांडीवर देवांची पेटी. एरंडोल मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशीची वाळलेली झाडं आणि धूळ.

“खरंच हात नाही लावला?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“बसमध्ये चढताना मफलरवर थोडा पडला होता. बसमध्ये हीटर. मी सीटवर बसून मफलर काढेपर्यंत पाणी झालं.” ते थोडं थांबले. “म्हटलं, असू दे. तसाच घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि बॅगेच्या तळाशी ठेवला.”

“तो निळा?”

“हो.”

सुनंदाबाईंनी पेटी नीट धरली. पारोळ्याचा फाटा आला.

“बॅग उघडल्यावर तो ओला लागला हाताला,” त्या म्हणाल्या. “कुबट वास येत होता. मी पहिल्यांदा तोच धुवायला टाकला.”

“तो बर्फ होता.”

“मला काय माहीत,” सुनंदाबाई म्हणाल्या. “आपल्याकडे ओलं म्हणजे ओलंच.”